मिनिटाला वीस

सोमवार, सकाळी ८. ऑक्सिजन ९४. श्वास २०.

आकडा कसा लिहायचा हे मीटरबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. अठरा वर्षं ती दारोदार हिंडून विजेचे मीटर वाचत होती. जिन्याखालचे, न्हाणीमागचे, मोडक्या सायकलींच्या ढिगाआडचे. "कुत्रा बांधलाय, या" असं सांगणाऱ्या आणि कुत्रा न बांधणाऱ्या घरांतले. दिसेल ते लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, एवढीच त्या कामाची शिस्त. मीटरबाई हे नाव बाबांनीच ठेवलेलं. नोकरी लागली त्या दिवशी गंमत म्हणून ठेवलं, आणि मग ते असं चिकटलं की घरातलं खरं नाव फक्त टपालावर उरलं.

आता तीच मीटरबाई बाबांच्या बोटाला चिमटा लावून बसली होती. चिमटा म्हणजे ऑक्सिमीटर. आत लाल दिवा, वर दोन आकडे, एक नाडीचा आणि एक रक्तातल्या ऑक्सिजनचा. रविवारी डॉक्टर घरी येऊन गेले होते. दोन्ही फुफ्फुसांत निमोनिया आहे म्हणाले. हॉस्पिटलात खाटा भरलेल्या आहेत, गोळ्या सुरू करू आणि घरीच बघू, मात्र दिवसातून तीनदा मोजायचं. कपाटाच्या दारावर त्यांनी आपल्या हाताने कागद चिकटवला होता. ऑक्सिजन ९२ च्या खाली गेला किंवा श्वास मिनिटाला २४ च्या वर गेले, तर वाट बघायची नाही. सकाळी आठ, दुपारी दोन आणि संध्याकाळी आठ वाजता हॉस्पिटलातून एक सिस्टर फोन करणार, तिला आकडे सांगायचे, की झालं.

चिमट्याने आधी ८९ दाखवले.

बोटं गार पडलीत, बाबा म्हणाले. ती होतीच गार. तिने चोळली, तळहातात धरून फुंकर घातली, मग चिमटा तर्जनीवरून मधल्या बोटावर नेला, मधल्यावरून अंगठ्यावर. अंगठ्यावर ९४ आले. क्षणभरच आले, पण आले. तेवढ्यात तिने लिहून टाकलं.

श्वास मोजायला मात्र यंत्र नव्हतं. छाती बघायची आणि भिंतीवरचं घड्याळ बघायचं. सिस्टरने पूर्ण मिनिट मोजा असं बजावलं होतं. पण कुलूप लावलेल्या घराचा आकडा मागच्या महिन्यांवरून काढायची जिला सवय, तिला अर्धं मिनिट मोजून दुप्पट करण्यात काय वावगं वाटणार? दहा झाले. म्हणजे वीस. पांघरुणाखाली बाबांच्या पायाचा अंगठा हलत होता. तिला वाटलं, बरं आहे, तरतरी आहे.

"जा, पाणी गरम करून आण," बाबा म्हणाले. "घसा सुकलाय."


सोमवार, दुपारी २. ऑक्सिजन ९३. श्वास २०.
सोमवार, संध्याकाळी ८. ऑक्सिजन ९३. श्वास २०.

बाबा क्लॅरिनेटवाले. चाळीस वर्षं बँडमध्ये होते. वाद्याची पेटी अजून कपाटावर आहे, तिच्यावर धूळ बसू देत नाहीत. खोली लहानशी, खिडकी गल्लीत उघडणारी, आणि खाटेसमोर ते घड्याळ. दर सेकंदाला एवढं वाजणारं घड्याळ माणसं दुकानात परत करतात. आईने हौसेने आणलं आणि हट्टाने ठेवलं. आई गेल्यावर मीटरबाईने ते दोनदा काढायला घेतलं, दोन्ही वेळा बाबांनी असं बघितलं की तिने हात मागे घेतला.

आई चार वर्षांपूर्वी अशीच धाप लागून हॉस्पिटलात गेली. दोन दिवसांत घरी पाठवू, असं सांगून तिला आत नेलं ते काचेच्या दारापलीकडे. अकरा दिवस. बाबा रोज त्या दारापाशी उभे राहून हात हलवत. आईही हलवायची, पण कुणाला ते काचेतून नीट कळत नसे. कदाचित ती फक्त पांघरूण सारखं करत असेल. बाराव्या दिवशी खाट मोकळी होती आणि एक बाई गादी पुसत होती.

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये बाबांनी तिच्याकडून शब्द घेतला. मला तिथे न्यायचं नाही. काय व्हायचं ते घरात होऊ दे. तिने शब्द दिला. त्या बसमध्ये कुणी तिच्याकडे तिचा उजवा हात मागितला असता तरी तिने दिला असता.

रविवारी डॉक्टर कागद चिकटवत होते तेव्हा बाबांनी कागदाकडे बघितलंच नाही. ते तिच्याकडे बघत होते.


मंगळवार, सकाळी ८. ऑक्सिजन ९३. श्वास २०.
मंगळवार, दुपारी २. ऑक्सिजन ८६ (खोडलेलं), ८७ (खोडलेलं), ९२. श्वास २०.

या दोन खोडलेल्या आकड्यांबद्दल सांगायला हवं.

८६ मधल्या बोटावर आले. तिने गरम पाण्याची पिशवी आणून बाबांचा हात तिच्यावर ठेवला. पाच मिनिटांनी ८७. दुसरा हात. ८६. पहिल्या हाताचा अंगठा. ८८, ८९, ८८, मग चिमट्याने काहीच दाखवलं नाही, नुसत्या दोन आडव्या रेघा, आणि मग एकदम ९२. ती त्या ९२ वर अशी झडप घालून बसली की पुढचा आकडा यायच्या आत तिने चिमटा काढून खिशात टाकला.

तिच्या हाताखालच्या एखाद्या नवीन मुलीने असं काही केलं असतं तर तिने त्या मुलीला साहेबांसमोर उभं केलं असतं. मीटर तीनदा वाचला आणि त्यातला सोयीचा आकडा घेतलास? मग मीटर कशाला वाचतेस, घरमालकालाच विचार ना.

पण श्वास वीस होते. ती स्वतःला हेच सांगत होती. चिमटा स्वस्तातला, बोटं गार, क्लॅरिनेटच्या भोकांवर चाळीस वर्षं दाबून बोटांना घट्टे पडलेले. तो आकडा मागेपुढे होणारच. श्वास मात्र ती आपल्या डोळ्यांनी मोजत होती. वीसचे कधी एकवीस झाले नाहीत.

सिस्टर फोनवर हसली. "परत वीस? ताई, आजोबा फार शिस्तीचे दिसतात. आमच्याकडे पाठवा, वॉर्डला शिकवतील."

मीटरबाईही हसली. खाटेवर बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मग हळूच म्हणाले, पाणी आण.


मंगळवार, संध्याकाळी ८. ऑक्सिजन ९२. श्वास २०.
बुधवार, सकाळी ८. ऑक्सिजन ९२. श्वास २०.

बुधवारी अकराच्या सुमाराला ढोलवाले काका आले. बँडमध्ये बाबांच्या डाव्या हाताला चालायचे. पोट ढोलाएवढंच, त्यामुळे ढोल नसला तरी वाटायचं की आहे. त्यांना आत येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून ते गल्लीतून खिडकीशी उभे राहिले आणि बाबांची खेचू लागले. काय रे, झोपून खातोस, पोरीला राबवतोस. बाबांनी एक हात वर केला, तेवढंच उत्तर. बोलले नाहीत.

मीटरबाई काकांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेली. तिथे काकांचा चेहरा उतरला.

"बोलला नाही गं तो. मला शिव्या दिल्याशिवाय याचा दिवस जात नाही."

तिने घाईने सांगितलं की दमतात, पण श्वास ठीक आहे, मी मोजते, वीसच्या वर जात नाही.

काकांनी मान हलवली. त्याचा श्वास तू काय मोजणार, म्हणाले. संचलनात चढ आला की आम्ही सगळे धापा टाकायचो, तोंडं लाल, आणि हा तीन पावलांना एक श्वास घेऊन चालायचा. तीन पावलं, एक श्वास. वाजवत असो की नसो. छातीत आग लागली तरी चेहऱ्यावर रेष नाही. बँडमास्तर आम्हाला सांगायचा, त्याच्याकडे बघा. आणि चढ संपला की हा मागे कुठल्या तरी झाडाआड जाऊन ओणवा होऊन ओकायचा. ते फक्त मला माहीत.

काका गेले. मीटरबाई गल्लीत तशीच उभी राहिली.

सलग तीन महिने ज्या मीटरचा आकडा हलत नाही, त्याची दोनच कारणं असतात. एक, घर रिकामं आहे. दोन, मीटर थांबवायला कुणीतरी चुंबक लावलंय. आपल्या भागातल्या अशा किती घरांत ती नुसता कागद बघून शिरली होती, मीटर न बघताच. इथे सात वेळा वीस आले आणि तिला शंका आली नाही. घड्याळाचे तीन ठोके, एक श्वास. मिनिटाला वीस. पांघरुणाखाली अंगठा हलायचा तो त्याच तालात. आणि मोजून झालं की दर वेळी पाणी आण, पाणी आण, पाणी आण.


बुधवार, दुपारी दोनला तीन मिनिटं कमी.

तिने नेहमीसारखं मोजलं. दहा झाले, वीस लिहिले. बाबा म्हणाले, पाणी. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, भांडं आपटलं, नळ सोडला, नळ तसाच वाहता ठेवला आणि अनवाणी परत येऊन दाराच्या फटीशी उभी राहिली. खोलीतलं घड्याळ तिथून दिसत होतं. या वेळी पूर्ण मिनिट.

एक, दोन, बाबा खाटेच्या काठावर येऊन बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तीन, चार, पाच, खांदे वरखाली होत होते, नुसती छाती नव्हे, खांदे, मान, सगळं, सहा, सात, गळ्याच्या खालचा तो खळगा दर श्वासाला आत खेचला जात होता, आठ, तिथे अंगठा मावला असता, नऊ, दहा, जेमतेम पाव मिनिट झालं होतं, अकरा, बारा, नाकपुड्या फुललेल्या, तेरा, दर श्वासामागे एक बारीक आवाज, लाकडावर कानस फिरवावी तसा, चौदा, पंधरा, सोळा, हा आवाज तिने कधीच ऐकला नव्हता कारण ती नेहमी पाणी तापवत असायची, सतरा, अठरा, एकोणीस, ओठ जांभळट, वीस, इथे थांबायला हवं होतं, वीसवर थांबायची सवय होती, एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, कागदावरची रेघ ओलांडली, पंचवीस, सव्वीस, बाबांनी एकदा दाराकडे बघितलं, नळाचा आवाज येतोय ना याची खात्री केली, सत्तावीस, अठ्ठावीस, त्या नजरेत भीती होती, मरणाची नाही, पकडलं जाण्याची, एकोणतीस, तीस, एकतीस, हा माणूस तीन दिवस तिच्यासमोर चढ चढत होता, बत्तीस, तेहेतीस, आणि ती वर बसून मार्क देत होती, चौतीस, पस्तीस, छत्तीस.

छत्तीस.

स्वयंपाकघरात पाणी वाहत होतं. फोन वाजायला लागला.


बुधवार, दुपारी २.

वाजणारा फोन हातात घेऊनच ती आत गेली. बाबांनी तिला बघितलं, तिच्या रिकाम्या हाताकडे बघितलं, आणि पाठ सरळ करायचा प्रयत्न केला. तीन ठोके पकडायला गेले. एक श्वास साधला. दुसरा सुटला.

"वीस सांग," ते म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना दोन तुकडे करावे लागले.

तिने फोन उचलला आणि सिस्टरला म्हटलं, थांबा. मग चिमटा मधल्या बोटाला लावला. बोट चोळलं नाही, फुंकर घातली नाही. लाल दिवा लागला. ८४. ८३. ८३. ८४.

आता ती काय सांगेल ते काही ठरलेलं नव्हतं. तिच्या डोक्यात एकाच वेळी दोन खाटा होत्या. एक ही, समोरची, जिच्यावर हा माणूस आज नाही तर उद्या गुदमरून जाणार. दुसरी ती, काचेपलीकडची, जिची गादी कुणीतरी पुसत होतं. अंगठ्यावर कदाचित नव्वद आले असते. अजून एकदा अंगठ्यावर लावून बघावं, एवढं एक तिच्या मनात येऊन गेलं.

"सिस्टर, ऑक्सिजन त्र्याऐंशी. श्वास छत्तीस." मग तिथेच थांबली असती तरी चाललं असतं, पण आता तिला थांबता येईना. "आणि आजचाच नाही. दोन दिवसांचे आकडे मी चांगले निवडून सांगितले. श्वास अर्धं मिनिट मोजला. ते रोखून धरत होते, मला कळलं नाही. खरे आकडे माझ्याकडे नाहीत."

 सिस्टरचा आवाज आला, कालचा हसरा आवाज नव्हता. गाडी निघते आहे, म्हणाली. त्यांना आडवं करू नका, बसवून ठेवा, पुढे झुकू द्या, खिडकी उघडा. पाऊण तास लागेल. ताई, ऐकताय ना?

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"शब्द दिला होतास."

"दिला होता."

तिला वाटलं, ते शिव्या देतील. चाळीस वर्षं ढोलवाल्या काकांना दिल्या तशा. पण शिवीला वारा लागतो, आणि तो त्यांच्याकडे उरला नव्हता. ती खाली त्यांच्या पायांशी बसली. तुम्ही मला फसवलंत आणि मी सिस्टरला, म्हणाली. तुम्ही चुंबक धरलंत, मी दिवा. असल्या घरांवर मी आजवर दंड लावत आले.

बाबांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसले असतील किंवा श्वासाने ओढला असेल.


गाडी येईपर्यंत.

३८. ४०. ३९. कागद संपला म्हणून ती हातावर लिहू लागली, मग लिहायचं सोडलं. लपवायचं होतं तोवर बाबा शूर होते. लपवण्यासारखं काही उरलं नाही आणि भीती बाहेर आली. तिचं मनगट त्यांनी असं पकडलं की नखं रुतली. खिडकी उघडी होती, गल्लीत कुणीतरी मोटार धूत होतं, बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. एवढी हवा होती बाहेर. जगभर नुसती हवाच हवा होती, आणि ती या एका माणसाच्या आत जात नव्हती.

एकदा त्यांची मान कलली. तिने त्यांचे गाल थोपटले, बाबा, बाबा, म्हणून हाका मारल्या, तेव्हा डोळे उघडून ते तिच्याकडे नाही, घड्याळाकडे बघू लागले. मग म्हणाले, तिथे कोण. पुढचं राहून गेलं. तिथे कोण मोजणार, की तिथे कोण असणार, की आईबद्दल काही, ते तिला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. उत्तराला चार श्वास गेले असते.

मी दाराशी असेन, ती म्हणाली. हलणार नाही. आता हा दुसरा शब्द होता, आणि पहिल्याचं काय झालं ते दोघांनाही माहीत होतं.


गाडी.

दोघं जण आले. एक गाडी चालवणारा, दुसरा मदतनीस, डोळ्यांखाली काळं पडलेला, तीन दिवसांची दाढी. मदतनिसाने बाबांसमोर गुडघा टेकला, मनगट वर करून घड्याळ बघितलं आणि म्हणाला, आजोबा, आता श्वास मोजतो हं.

बाबांची पाठ सरळ झाली.

मीटरबाईच्या डोळ्यांसमोर झाली. ओठ जांभळे, घाम गळतोय, आणि मदतनिसाने घड्याळाकडे बघताक्षणी बाबांनी चेहऱ्यावरून सगळं पुसून टाकलं. तीन ठोके, एक श्वास. तीन ठोके, एक श्वास. जमिनीवर पायाचा अंगठा हलत होता. मदतनीस मनातल्या मनात मोजत होता, आणि त्याच्या कपाळावरची आठी सैल होत चालली होती. खाटा अजूनही भरलेल्याच होत्या. वीस भरले असते तर कदाचित तो म्हणाला असता, थोडं थांबून बघू.

"असे मोजू नका," ती म्हणाली. "मोजताय हे त्यांना कळता कामा नये. नाडी बघतोय असं दाखवा, हात धरा, आणि मग हळूच छातीकडे बघा."

हे ती बाबांच्या देखत म्हणाली. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. आईनंतर या घरात त्यांना आतून ओळखणारं एकच माणूस उरलं होतं, आणि त्याने आत्ताच दार उघडून दिलं होतं. मग अंगठा थांबला. खांदे पडले. कानशीचा तो आवाज खोलीभर झाला. मदतनिसाने मोजायचं सोडून दिलं, ओरडून चालकाला सिलिंडर आणायला सांगितलं, आणि मास्क बाबांच्या तोंडावर दाबून पट्टा कानांमागे ओढला.


बुधवार, दुपारी ४:२०.

काचेचं दार तेच होतं. फक्त काच बदलली होती, किंवा पुसली होती. सिस्टर आतून एकदा येऊन गेली. फोनवरच्या आवाजापेक्षा लहानखुरी निघाली. मास्कवर अठ्ठ्याऐंशीपर्यंत आलेत, म्हणाली. याच्या पुढचं आत्ता सांगता येणार नाही. आत कुणाला सोडत नाहीत. इथे उभं राहायला मनाई नाही.

मीटरबाई उभी राहिली. बाबा चौथ्या खाटेवर, दाराकडे पाय करून. चेहरा नीट दिसत नव्हता, पण मास्क दिसत होता, आणि मास्कवर दर श्वासाला वाफ धरायची आणि जायची. तिने हात वर केला, हलवला. उत्तर आलं की नाही ते काचेतून कळलं नाही. पांघरूण पायाशी जरा हलल्यासारखं वाटलं.

तिने खिशातून दुसरा कागद काढून वेळ लिहिली. भिंतीवर घड्याळ होतं, न वाजणारं. ती वाफ मोजू लागली. वाफ धरली, एक. धरली, दोन. पूर्ण मिनिट, तिने ठरवलं होतं. ती एकवीसवर आली, चाळीस सेकंद झाली, आणि आतल्या कुणीतरी चौथ्या खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला.

वीस सेकंद राहिली होती. ती राहिलेली सेकंदं कशी काढतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिथल्या तिथे, तोंडी, झालं असतं. तिने पेन टोपणात घातलं. वेळ लिहिली होती, तिच्यापुढची जागा तिने कोरी ठेवली, आणि पडदा पुन्हा उघडायची वाट बघत तशीच काचेशी उभी राहिली.